दांडी कुणी पाडली?

सांगलीला शाळेत असताना मी चार वर्षं खो-खो खेळले. पळायची पाळी आली की माझी एकच खासियत होती, हुलकावणी. डावा खांदा असा टाकायचा की पाठलागावरची मुलगी डावीकडे झेपावलीच पाहिजे, आणि आपण उजवीकडून पसार. ती स्वतःला सावरेपर्यंत मी दोन चौकोन पुढे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांना नियमाचं बंधन असतं; एकदा दिशा घेतली की खांदे मागे फिरवता येत नाहीत, फिरवले की फाउल. पळणाऱ्याला असलं काही नसतं. त्यानं खांद्यानं वाटेल तेवढं खोटं बोलावं.

हे सगळं मी तीसेक वर्षं विसरून गेले होते. ते आठवलं इंग्लंडात, रेडिंगजवळच्या एका चिखलट शेतात, एका काळ्या कुत्रीमागे धापा टाकताना.

मिरी आमच्याकडे आली ती एका निवारा केंद्रातून, जेमतेम वर्षाची. कोली आणि कॉकर स्पॅनियल यांची सरमिसळ. रंगानं आणि स्वभावानं मिरीच, म्हणून नाव मिरी. दोन तास फिरवून आणलं तरी घरी येऊन सोफ्याच्या पाठीवरून इकडून तिकडे उड्या. लेक म्हणाली, "आई, हिला उड्यांच्याच शाळेत घाल." शेजारच्या गावात मंगळवारी संध्याकाळी ॲजिलिटीचा, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा, वर्ग भरतो असं कळलं, आणि मी नाव नोंदवलं. माझा समज असा की कुत्र्याला उडी मारायला शिकवतात, आपण बाजूला उभं राहून खाऊ द्यायचा.

वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीला टेकलेल्या. इथे सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, मीही मारते, पण मनातल्या मनात त्या माझ्या 'बाई'च आहेत. आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखंच गळ्यात शिट्टी आणि जिभेवर कौतुक कमी. एक गुडघा बदललेला. त्यामुळे त्या पळत नाहीत, चार पावलं टाकतात, आणि त्यांची म्हातारी कोली तेवढ्या चार पावलांवर अख्खं मैदान करून येते. पहिल्या दिवशी ते बघून मला वाटलं, कुत्री हुशार आहे. पावलं हुशार आहेत हे समजायला सहा महिने गेले.

पहिले दीड महिने आम्हाला उडी दाखवलीसुद्धा नाही. मिरी तेव्हा चौदा महिन्यांची होती, हाडांची टोकं अजून पक्की व्हायची होती. त्या वयात पूर्ण उंचीच्या उड्या मारून घेतल्या तर सांधे आयुष्यभराचे दुखावू शकतात. इथल्या केनेल क्लबच्या नियमाप्रमाणे अठरा महिन्यांच्या आत कुत्र्याला स्पर्धेत उतरवताच येत नाही. हे मला पटत होतं. पण तोवर करायचं काय, तर म्हणे गोल गोल चालायचं. कुत्रं उजव्या हाताला घेऊन चालायचं, मग पळायचं, मग वेग कमी करायचा, थांबायचं, वळायचं, बाजू बदलायची. खाऊ द्यायचा तोही हवा तिथे नाही. ज्या रेषेवरून कुत्र्यानं जायला हवं त्या रेषेवरच. मी हातातून चीज भरवत होते, तर बाई म्हणाल्या की अशानं ती तुझा हात बघत पळेल, समोर बघणार नाही. खेळणं पुढे फेक.

तिसऱ्या मंगळवारी मी न राहवून विचारलं, उड्या कधी? बाई म्हणाल्या, "उडी तिला येते. चालणं तुला येत नाही."

मग त्यांनी मला एक प्रयोग करायला लावला. जमिनीवर एक शंकूसारखा सुळका ठेवला. मिरीला घेऊन त्याच्याकडे सरळ पळत जायचं, आणि पळता पळता "वळ" म्हणून ओरडायचं. पण पाय थांबवायचे नाहीत. मी तीनदा ओरडले, तिसऱ्यांदा तर पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मिरी तिन्ही वेळा सरळ गेली. आता अवाक्षर न काढता पळ, म्हणाल्या, सुळक्याच्या दोन पावलं आधी वेग मोड, आणि पायाची बोटं वळायच्या दिशेला कर. मी केलं. मिरी सुळक्याला चिकटून अशी वळली की जणू दोरीनं ओढली.

कुत्रं आधी आपली चाल वाचतं, मग पाय आणि खांदे, त्यानंतर हात. तोंड शेवटी. माणसाचा क्रम बरोबर उलटा. आपल्याला वाटतं आपण बोललो म्हणजे सांगितलं. फिनलंडमध्ये यानिता लेइनोनेन यांची टेक्ला नावाची बॉर्डर कोली बहिरी झाली, आणि आवाज संपल्यावर तिच्याशी पळता पळता फक्त अंगानं कसं बोलायचं याचा त्यांनी जो शोध घेतला, त्यातून तिकडे हाताळणीची एक पद्धतच उभी राहिली. बाई ती गोष्ट सांगून वर म्हणाल्या, "सगळीच कुत्री बहिरी आहेत असं धरून चाल." मला ते जरा अति वाटलं. माझा आवाजावर फार भरवसा.

त्या भरवशाचंही हसं झालं. मी मिरीला आज्ञा मराठीत देते. पुढे जायला 'पळ', आवळून फिरायला 'वळ'. बाईंना मराठीचं अक्षर येत नाही, पण दोन आठवडे ऐकून त्यांनी विचारलं, हे दोन वेगळे शब्द आहेत का? धापा टाकत, वाऱ्यात, वीस फुटांवरून ओरडल्यावर दोन्हींचं नुसतं 'अळ' उरायचं. बिचाऱ्या मिरीनं काय ओळखायचं! तेव्हापासून 'पळ' बाद झालं, 'जा जा जा' आलं. 'वळ' राहिलं. 'थांब' मात्र आता आमच्या वर्गातल्या दोन इंग्रज बायकाही वापरतात. म्हणतात, ओठ मिटून संपणारा शब्द आहे, कुत्रंही त्याबरोबर मिटतं.

मिरी दीड वर्षाची झाली, जनावरांच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, आणि उड्यांच्या अडथळ्यांवरच्या आडव्या दांड्या जमिनीवरून उचलल्या गेल्या. आधी २० सेंमी, मग ३०. उंची मोजली तर खांद्यापाशी ४१ सेंमी भरली, म्हणजे मध्यम गट. स्पर्धेत दांडी ४० वर. ४३ च्या वर भरली असती तर ५० सेंमी उडावं लागलं असतं.

आता मुख्य शिक्षण सुरू झालं ते क्रॉसचं. म्हणजे कुत्र्याची आणि आपली बाजू बदलणं. मैदानात वीसेक अडथळे नागमोडी मांडलेले असतात. कुत्रं कायम एकाच हाताला ठेवून पळालात तर कधी ना कधी तुम्ही बाहेरच्या बाजूला अडकता आणि तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त अंतर पडतं. चार पायांशी दोन पायांनी ती शर्यत लावण्यात अर्थ नाही. म्हणून बाजू बदलायची, आतली वाट धरायची.

फ्रंट क्रॉस दिसायला सोपा. कुत्रं उजवीकडे मागून येतंय, तुम्ही त्याच्या पुढे आहात. त्याच्याकडे तोंड करत उजवीकडून गिरकी घ्यायची, आणि नव्या दिशेला निघायचं. आता कुत्रं डाव्या हाताला. सगळा मिळून दीड सेकंदाचा खेळ. मी तो स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडून, कुत्र्याशिवाय घोटला. नवरा पोळीचा तुकडा हातात धरून बघत उभा, म्हणाला, "हे कुत्र्याला शिकवताहेत की तुला?" बरोबर प्रश्न होता, पण तेव्हा मी त्याला बाहेर हाकललं.

मैदानावर आले आणि दांड्या पडायला लागल्या. सरळ रांगेतल्या चार उड्या मिरी पिसासारखी ओलांडायची, आणि जिथे मी क्रॉस घेते नेमकी तिथली दांडी खाली. पुन्हा घेतला, पुन्हा दांडी गुल. एका संध्याकाळी अकरा. मला वाटलं, मागचे पाय उचलायचा आळस करते आहे. वर्गातल्या एकानं सांगितलं, दांडी पाडली की खाऊ देऊ नकोस, आपोआप उचलेल. दोन आठवडे मी तसं केलं. दांड्या पडतच राहिल्या, वर मिरी त्या विशिष्ट उडीशी येऊन थबकायला लागली. माझ्याकडे बघायची, कान मागे. तो चेहरा आठवला की अजून अपराधी वाटतं.

उलगडा झाला तो एका स्पर्धेत, आणि तिथे मिरी नव्हतीच. इथल्या स्पर्धा स्वयंसेवकांवर चालतात. कुणी वेळ टिपतं, कुणी रांगेतल्यांना पुकारतं, आणि कुणीतरी मैदानात खुर्ची टाकून बसतं. दांडी पडली की उठायचं, जागेवर बसवायची, पुन्हा बसायचं. मला ते काम मिळालं. सकाळी नऊ ते बारा मी एका उडीशेजारी अशी बसले की कुत्री माझ्यापासून हातभर अंतरावरून उडत होती. पन्नासेक कुत्री झाल्यावर मला कुत्री बघायचा कंटाळा आला आणि मी माणसं बघायला लागले.

आणि मग दिसायला लागलं. त्या उडीनंतर डावीकडे काटकोनात वळण होतं. काही माणसं कुत्रं आधीच्या उडीवरून टेकतंय तोवरच गिरकी घ्यायला लागत. त्यांची कुत्री माझ्या उडीपाशी येईपर्यंत पावलं आखूड करत, दांडीच्या अगदी जवळ येऊन, मागच्या पायांवर बसल्यासारखी होऊन उभी उडी घेत, आणि हवेतच कमरेतून वळत. दांडी हलायची नाही. बाकीच्यांना वळणाचं आठवायचं ते कुत्रं उडाल्यावर. ते कुत्रं सरळच जायचंय असं धरून लांबून उडालेलं असायचं, अंग ताणलेलं, उडी पसरट. हवेत असताना मालक गर्रकन वळतो, नाव घेऊन ओरडतो. कुत्रं मान फिरवतं, मान फिरली की पाठ मोडते, पाठ मोडली की मागचे पाय खाली येतात. खट्! मी उठायची. दुपारपर्यंत माझा इतका सराव झाला की माणसाचे खांदे बघूनच मी खुर्चीतून अर्धी उठलेली असायची.

म्हणजे जमीन सोडायच्या आधी कुत्र्यानं सगळं ठरवलेलं असतं, कुठे टेकायचं, किती लांब, कोणत्या पायावर. खो-खोतल्या पाठलाग करणाऱ्या मुलीसारखंच. दिशा घेतली, आता बदलता येत नाही. आणि मी काय करत होते? ती हवेत गेली की खांदा टाकत होते. सांगलीच्या मैदानावर ज्या मुलींना मी चार वर्षं तोंडघशी पाडलं, त्यांच्यात आता माझीच कुत्री होती. हुलकावणीचा कस याच्यातच असतो की खांदा शेवटच्या क्षणी फिरला पाहिजे. माझ्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की मी वेळेवर वळते आहे असंच मला वाटायचं.

पुढच्या मंगळवारी लेकीला फोनवर चित्रण करायला लावलं आणि घरी बसून ते सावकाश चालवून पाहिलं. मिरीचे चारही पाय हवेत, आणि त्या चौकटीत माझा उजवा खांदा नुकता हलायला लागलेला. "आई, तू उशीर करतेस," लेक म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीला एका नजरेत दिसलं ते!

सुधारायला बाईंनी दिलेला उपाय साधा होता आणि भयंकर अवघड. मिरी आधीच्या उडीवरून टेकली की गिरकी सुरू, आणि पुढच्या उडीसाठी तिचे पाय सुटायच्या आत गिरकी संपलेली हवी. यासाठी तिच्याकडे पाठ करून पुढे निघून जावं लागतं, ती उडी घेणारच असं गृहीत धरून. माझे पाय ऐकत नव्हते. ती उडते की नाही हे बघायला मी थांबायची, आणि तेवढ्यात सगळं हुकायचं. मग दांडी परत ३० वर आली, दोनच उड्या, आणि मी मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. टेकली, एक, दोन, झालं. 'दोन'ला माझी छाती नव्या दिशेला हवी. आणि दांडी पडली तरी खाऊ मिळणारच. चूक तिची नव्हती तर खाऊ तिचा का कापायचा? थबकणं आठवडाभरात गेलं. दांड्या जायला दोन महिने लागले.

रिअर क्रॉसचं दुःख वेगळं. त्यात कुत्रं पुढे असतं आणि आपण त्याच्या पाठीमागून बाजू बदलतो. पळण्यात मागे पडणाऱ्या माझ्यासारखीला तो फार सोयीचा, पण त्यासाठी कुत्र्याला आपल्याकडे न बघता पुढे जायची सवय हवी. मी उशिरा ओलांडलं की मिरी टेकून मागे बघायची, आणि मला शोधत चुकीच्या बाजूनं गरगर फिरायची, भोवऱ्यासारखी. इथेही तेच. उडीच्या आधीच तिरकं धावत जाऊन तिच्या वाटेवर मागून दाब आणायचा, म्हणजे वळण कुठल्या बाजूला आहे हे तिला पाय सुटायच्या आत कळतं.

ब्लाइंड क्रॉस, म्हणजे तिच्याकडे चक्क पाठ फिरवून बाजू बदलायची आणि दुसऱ्या खांद्यावरून तिला नजरेनं पकडायचं, हा मला पहिल्या दिवशीच आला. पळणाऱ्याचं अंग! बाईंनी भुवया उंचावल्या. त्यांच्याकडून मिळालेलं आजवरचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. थ्रेडलबद्दल, म्हणजे समोर दिसणारी उडी सोडून दोन उड्यांच्या फटीतून तिला ओढून घेऊन पलीकडून उडवणं, त्याबद्दल मी सध्या बोलत नाही. मिरीही बोलत नाही.

हा खेळ मुळात विरंगुळ्याचा. १९७८ साली लंडनला ऑलिंपिया या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये क्रफ्ट्सचं कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून जॉन व्हार्ली यांच्यावर काहीतरी करमणूक बसवायची जबाबदारी आली. त्यांनी पीटर मीनवेल यांना हाताशी धरून घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीची कुत्र्यांसाठी छोटी आवृत्ती काढली. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि दोन वर्षांत केनेल क्लबनं खेळाला मान्यता दिली. बाई तेव्हा विशीत होत्या. त्या म्हणतात, सुरुवातीला लोक कुत्र्याच्या बाजूनं नुसतं पळायचे आणि ओरडायचे. मी म्हटलं, माझ्यासारखे. त्या हसल्या नाहीत.

मे महिन्यात आमची पहिली स्पर्धा झाली, ऑक्सफर्डशायरमधल्या एका शेतात. पहिल्या श्रेणीची जंपिंगची फेरी. म्हणजे चढून उतरायचे अडथळे, पूल, सीसॉ नाहीत; आमच्या फेरीत नुसत्या उड्या आणि बोगदे. दांडी पडली की ५ दोष, उडी नाकारली की ५, तिसऱ्या नकाराला बाद, आणि चुकीच्या अडथळ्यावर गेलं की तिथेच बाद.

फेरीआधी माणसांना कुत्र्याशिवाय मैदान चालून बघू देतात. ते दृश्य एकदा तरी बघावं. तीस-चाळीस प्रौढ माणसं हात हलवत, गिरक्या घेत, स्वतःशी पुटपुटत फिरत असतात. लेझीम घरी विसरलेलं लेझीम पथक जणू. पहिल्या वेळी मी नुसते आकडे पाठ केले. बाईंनी दंडाला धरून परत पाठवलं, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघ म्हणाल्या. वाकले, तर आठव्या उडीवरून टेकल्यावर समोर नववी दिसतच नव्हती नीट, पलीकडचा निळा बोगदा मात्र तोंड वासून. नवव्या उडीनंतर डावीकडे आवळून वळण होतं. अगदी माझी 'ती' उडी. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक टोपीवाले आजोबा बसले होते, दांडी उचलायच्या कामावर. मी मनात त्यांना आधीच माफी मागून ठेवली.

आमची पाळी आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. "थांब." मिरी बसली. मी दोन उड्यांपुढे चालत गेले, मागे न बघता. मग नुसता हात सोडला.

सातपर्यंत काय झालं ते मला सांगता येणार नाही. आठवीवर ती टेकली तो आवाज ऐकू आला, ओल्या गवतावरचा थप्प, आणि तोंडातून निघालं, टेकली, एक, दोन. मी वळले होते. नववीकडे माझी पाठ होती. खट् ऐकू येईल म्हणून कान ताठ, पण आलं ते माझ्या डाव्या हाताशी तिचं फुरफुरणं.

त्या आनंदातच चौदावी आली. तिथे सरळ पंधरावीकडे जायचं, बोगदा उजवीकडे. मला बोगदा दिसला, मी दचकले, आणि तो टाळायचा म्हणून डावीकडे निघता निघता माझा उजवा खांदा त्याच्या बाजूला पडला. अस्सल सांगलीची हुलकावणी. मिरीनं इमानदारीत खांद्याचं ऐकलं आणि बोगद्यात शिरली. जजनं हातांची फुली केली. बाद.

बाद झालं तरी कुत्र्याला ते कळू द्यायचं नाही, अशी इथली रीत आहे. बोगद्यातून बाहेर आल्यावर मी तिला उरलेल्या उड्या घेऊन हसत हसत शेवटापर्यंत नेलं, आणि बाहेर येऊन तिच्या आवडत्या दोरीच्या खेळण्याशी इतकी झोंबाझोंबी केली की तिला सुवर्णपदक मिळाल्यासारखं वाटलं असावं. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. "चौदा," एवढंच म्हणाल्या. "मंगळवारी."

मी श्वास घेत मागे वळून मैदानाकडे बघितलं. पुढचं कुत्रं निघालं होतं. नवव्या उडीशेजारी ते आजोबा अजून तसेच बसले होते, मांडीवर घोंगडी, गुडघ्यात थर्मास धरून झाकणात चहा ओतत.